मुडलीचा मागणी-वक्र

केशर देसाईंना वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कागदावर एक रेघ काढायची होती. रेघ तशी साधी. डावीकडे वरून सुटायचं आणि उजवीकडे खाली उतरायचं, बस्स. पुस्तकात ती पान त्रेचाळीसवर छापलेलीच होती आणि हात थोडा कापला तरी कुणालाही जमली असती. पण केशरबाईंनी ती स्वतःच्या गावच्या बाजारातून काढायची असं ठरवलं, आणि त्यापायी सहा बुधवार, पंचायतीचे तीन अर्ज आणि देसाई घराण्याची चारचौघांतली पत खर्ची पडली.

केशरबाई आंबेगाळीच्या पंचायत वाचनालयात सकाळचे तीन तास बसत. वाचायला येणारे दोन. त्यातला एक पेपर वाची आणि दुसरा पंख्याखाली बसायला येई. एवढी शांतता लाभल्यावर माणूस एकतर झोपतो नाहीतर शिकतो. केशरबाईंनी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. मुदत आठ वर्षांची. सात वर्षांत सगळे विषय सुटले, अर्थशास्त्र तेवढं अडून बसलं. पहिल्या खेपेला पाच गुण कमी पडले, दुसऱ्या खेपेला तीन. याच वेगानं चौथ्या खेपेला त्या नक्की पास झाल्या असत्या, पण विद्यापीठाला तेवढी सवड नव्हती. तिसऱ्या खेपेला लेखी पेपर सुटला आणि मागे उरला वीस गुणांचा प्रकल्प: 'आपल्या परिसरातील एका वस्तूच्या मागणीचा प्रत्यक्ष अभ्यास करून मागणी-वक्र काढा.' वीसपैकी आठ हवेत, तेही जानेवारी संपायच्या आत. नाही मिळाले तर नोंदणी रद्द आणि आठ वर्षांचं शिक्षण काळी नदीला अर्पण.

आता बाईनं या वयात बी.ए. कशाला व्हायचं, हा प्रश्न आंबेगाळीत बऱ्याच जणांना पडला होता. उत्तर घरातच आरामखुर्चीत बसलेलं होतं. नारायणमास्तर, केशरबाईंचे यजमान, हायस्कूलमधून निवृत्त झालेले आणि अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेले. त्यांच्या घरात गेली तीस वर्षं प्रत्येक वादाचा शेवट एकाच वाक्यानं होत होता. गॅस कधी बदलायचा, वांगी महाग का झाली, नारळ आज उतरवायचे की पुढल्या महिन्यात, वाद कुठलाही असो, मास्तर चष्मा काढून पुसत आणि म्हणत, "मी इकॉनॉमिक्सचा बी.ए. हाय." त्यावर बोलायला जागाच राहत नसे. केशरबाईंना पदवी नोकरीसाठी नको होती, बढतीसाठी नको होती. तीस वर्षांत एकदा तरी वाद शेवटपर्यंत घालायचा होता.

वस्तू त्यांनी मुडली निवडली. जोयड्याच्या रानात पिकणारा हा हातभर लांब, मातीनं माखलेला, केसाळ कंद. दिसायला कुणी वाट्याला जाणार नाही असा, पण भाजून खाल्ला की माणूस बोलायचं थांबतो. डिसेंबर-जानेवारीत नंदिगड्ड्याकडचे कुणबी तो बाजारात आणतात. प्रकल्पाची मुदत आणि मुडलीचा हंगाम एकच होता, तेव्हा केशरबाईंना हा शकुन वाटला.

मास्तरांनी सुरुवातीलाच इशारा दिला. "मागणीचा नियम पाठ हाय का?"

"इतर परिस्थिती कायम असताना किंमत कमी झाली की मागणी वाढते, किंमत वाढली की मागणी घटते."

"मग झालं की. पान त्रेचाळीसवरची रेघ उतरव आणि पाठव. परीक्षकाला काय मुडली खायची हाय?"

"प्रत्यक्ष अभ्यास असं लिहिलंय," केशरबाई म्हणाल्या.

पुण्याहून लेक पल्लवीनं तर फोनवर दहा मिनिटांत आख्खा प्रकल्प तयार करून पाठवला. सुबक, रंगीत, नाशिकच्या कांद्यावर. केशरबाईंनी तो शेवटपर्यंत वाचला, छान आहे म्हणाल्या आणि वही घेऊन घराबाहेर पडल्या.

त्यांनी सतरा घरं निवडली. प्रत्येक घरात एकच प्रश्न: मुडली शंभर रुपये किलो असेल तर आठवड्याला किती घ्याल, ऐंशी असेल तर किती, साठ, चाळीस, वीस. पहिलं घर शेजारच्या तुळजाअक्काचं. तुळजाअक्का म्हणजे गावचं चालतंबोलतं माहिती खातं. तिच्याकडून सुरुवात केली की काम हलकं होईल असा केशरबाईंचा हिशेब होता, आणि तोच चुकला.

"हे लिवून कुणाला देणार?" तुळजाअक्कानं वहीकडे बघत विचारलं.

"विद्यापीठाला."

"म्हंजे सरकारलाच की."

"सरकारला न्हाई गं, बेळगावच्या केंद्राला."

केंद्र हा शब्द ऐकताच तुळजाअक्कानं दार अर्धं लोटून घेतलं. "आमी मुडली खात न्हाई. शंभराला न्हाई, ईसला बी न्हाई. आमाला परवडतच न्हाई, असं लिव."

तुळजाअक्काच्या परड्यात त्याच वेळी मुडली भाजत होती आणि वास ओटीपर्यंत येत होता. पण हातात वही घेऊन दारात येणारी बाई म्हणजे रेशनकार्डाची चौकशी, आणि शंभर रुपयांचा कंद खाणारं घर म्हणजे गरिबीचं कार्ड रद्द, एवढं अर्थशास्त्र आंबेगाळीत लहान पोरालाही येतं. केशरबाई दुसऱ्या घरी पोचायच्या आत बातमी तिसऱ्या घरी पोचली. सोळा घरांनी पाचही भावांना शून्य सांगितलं. सतराव्या घराला बातमी उलटी कळली होती. त्यांना वाटलं, रानडुकरांनी केलेल्या नुकसानीचे पंचनामे चाललेत. त्यांनी छातीठोकपणे तीन क्विंटल सांगितलं आणि पैसे कधी मिळणार तेही विचारलं.

मास्तरांनी तो आलेख पाहिला. सतरावं घर वगळल्यावर रेघ डावीकडच्या उभ्या ओळीला चिकटून उभी होती. "ह्याला वक्र म्हणत न्हाईत, ह्याला भिंत म्हणतात," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला घेतला. केशरबाई वाक्य ऐकायला थांबल्या नाहीत.

त्यांनी ठरवलं, माणसाला विचारण्यात अर्थ नाही, तो काय करतो ते बघायचं. बुधवारी त्या बाजारात नागूशेजारी स्टूल टाकून बसल्या. नागू नंदिगड्ड्याच्या बाजूच्या रानातला साठीचा कुणबी, गेली चाळीस वर्षं याच वडाखाली मुडली विकणारा. केशरबाई भाव आणि वजन टिपू लागल्या, आणि तासाभरात त्यांच्या लक्षात आलं की नागूकडे भाव नावाची गोष्टच नाही. गणेशगुडीच्या रिसॉर्टवाल्याला त्यानं एकशेवीस सांगितले. रामनगरच्या दुकानदाराला सत्तर. पोटुशी सून घेऊन आलेल्या म्हातारीला चाळीस, वर एक कंद असाच. कंडक्टरला पैसेच नाहीत, कारण कंडक्टर नागूची पोती बसवर चढवून देतो.

"नागू, एक भाव ठेव बाबा," केशरबाई काकुळतीला आल्या. "सगळ्यांना एकच."

नागूनं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "सगळ्यास्नी येकच भाव? मग चाळीस वर्सं मान्सं वळखून काय फायदा, बाई?"

पुस्तकात बाजाराच्या व्याख्येत ग्राहक होते, विक्रेते होते, माहिती होती. ओळख नव्हती. केशरबाईंनी समासात तेवढं लिहून ठेवलं आणि निश्चय केला, की आता आपणच विक्रेता व्हायचं. नागूचा माल दर आठवड्याला तीस किलो आपण घ्यायचा आणि आपल्या भावानं विकायचा. भाव पाच, बुधवार पाच. पहिल्या बुधवारी शंभर, मग ऐंशी, साठ, चाळीस, वीस. नागूला ही व्यवस्था फारशी पटली नाही, पण बाई शिकलेली आणि पोरांना गोष्टीची पुस्तकं देणारी, म्हणून तो हो म्हणाला. फक्त एक अट घातली. मुडलीवर नजर ठेवायला तो शेजारीच बसणार.

बाजारात बसायला पंचायतीची परवानगी लागते. विकास अधिकारी साहेब धारवाडकडचे, माणूस भला, कन्नडातून विचार करून मराठीतून बोलणारा. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"व्यवसाय काय, मेडम? इथं 'अभ्यास' लिहिलंय. अभ्यास असा कॉलम नाही."

"मी अभ्यासासाठीच विकणार हाय."

"फायदा किती?"

"फायदा नको मला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "फायदा नको म्हणजे धर्मादाय. धर्मादाय म्हणजे ट्रस्ट. ट्रस्टचं रजिस्ट्रेशन कारवारला."

केशरबाईंनी दुसरा अर्ज लिहिला आणि त्यात फायदा हवा असं घातलं. मग साहेब म्हणाले, फायदा हवा तर व्यापार परवाना हवा, नाहीतर स्वतःचं शेत हवं, म्हणजे शेतकरी म्हणून बसता येईल. तिसऱ्या अर्जात केशरबाई नागूची बहीण झाल्या. साहेबांनी शिक्का मारला आणि पावती देता देता कौतुकानं म्हणाले, "ओळ्ळेदु, छान. असं पहिल्यांदाच लिहायचं."

उरली ती 'इतर परिस्थिती'. तीही कायम असायला हवी होती, आणि केशरबाई काम अर्धवट ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी वाचनालयाच्या दारावर सूचना लावली, की पाच बुधवार कृपया कुणी लग्न, जत्रा अगर मोठं जेवण काढू नये. रताळीवाल्याला जाऊन सांगितलं की तुझा भाव हलवू नकोस. देवळाच्या पंचांना भेटून गोंधळाची तारीख पुढं ढकलायची विनंती केली. पंचांनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या गेल्यावर मास्तरांकडे त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. परिस्थितीनं त्यांचं काही ऐकलं नाही, पण सांगितलं नव्हतं असं तिला कधी म्हणता येणार नाही.

पहिला बुधवार उजाडला. पाटीवर शंभर रुपये. मास्तर लांब पिंपळाच्या पारावर बसून बघत होते. एकही कंद जाणार नाही याची त्यांना खात्री होती.

दुपारपर्यंत बावीस किलो गेली. कारण पुढे कळलं. मास्तरीणबाई, पुस्तकं वाचणारी बाई, शंभर रुपयांनी विकते म्हणजे तिला काहीतरी ठाऊक असणार. यंदा मुडली संपली असणार, पुढल्या आठवड्यात दोनशे होणार. तुळजाअक्कानं तीन किलो घेतली. परवडत नाही म्हणणाऱ्या सोळा घरांपैकी बारा घरं केशरबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी रांगेत मोजली.

दुसऱ्या बुधवारी ऐंशी. नियमाप्रमाणे मागणी वाढायला हवी. लोक आले, पाटी वाचली, कंद उचलून वास घेतला आणि एकमेकांकडे बघितलं. "परवाच्यातलीच उरलेली हाय काय गं?" तुळजाअक्कानं विचारलं. ताजी आहे असं केशरबाईंनी शपथेवर सांगितलं. शपथ घेतली म्हटल्यावर उरलासुरला विश्वासही गेला. सहा किलो खपली.

तिसऱ्या बुधवारी साठ रुपये, आणि मास्तरांचं पाऊल. बायकोची फजिती दुरून बघण्यात त्यांना पुरेसं समाधान मिळेना, म्हणून ते मदतीला आले. मदत म्हणजे ते पाटीशेजारी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत समजावू लागले. तीस वर्षांचा फळा गेला होता, विद्यार्थी गेले होते, आणि आता पिशव्या घेतलेली माणसं आयती समोर उभी होती. मास्तर रंगात आले.

"बघा, पहिली मुडली खाल्ली, किती समाधान झालं? भरपूर. दुसरी खाल्ली, समाधान झालं, पण पहिल्याएवढं न्हाई. तिसरीला त्याहून कमी. पाचवी नकोशी होते. व्हय की न्हाई?"

"व्हय की," माणसं म्हणत.

"मग?"

"मग येकच द्या," असं म्हणून माणसं तागडीतले दोन कंद परत ठेवत.

नागू हे सगळं बघत होता. शेवटी त्यानं मास्तरांचा हात धरून त्यांना पारावर नेऊन बसवलं. तोवर चार किलोवर आटोपलं होतं. केशरबाईंनी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं: साठ रुपये, चार किलो, यजमान उपस्थित.

चौथ्या बुधवारी चाळीस, आणि त्या दिवशी केशरबाईंना वाटलं, जिंकले. बाजार भरायच्या आत तिसाच्या तीस किलो एका दमात गेली. चार धट्टेकट्टे कुणबी आले, पैसे मोजून ठेवले, पोतं उचललं आणि दहा पावलांवर फडकं अंथरून तीच मुडली साठ रुपयांनी विकायला बसले. नागूचे मेहुणे.

"हे काय रे?" केशरबाईंनी विचारलं.

नागू मान खाली घालून बसला होता. "बाई, तुमचं शिक्षान हाय, मी काय बोललो न्हाई. पर मुडलीस चाळीस म्हंजे आमच्यात लाज हाय. मेव्हनं म्हनाले, बाई भाव पाडत्यात तर आपुन उचलू. मुडलीची इज्जत ऱ्हायली पायजे."

केशरबाईंना राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही आवरून त्यांनी वहीत 'तीस किलो' लिहिलं. ग्राहक कोण याची चौकशी नियमात कुठं होती?

खरं संकट पाचव्या बुधवारी आलं. वीस रुपये. पाटी लावली. लोक यायचे, पाटी वाचायचे, केशरबाईंच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि काही न बोलता पुढं जायचे. एकानं लांबूनच नमस्कार केला. दुपारपर्यंत एक कंद हलला नाही. सतरा घरांतली सतराही घरं बाजारात होती.

चार वाजता तुळजाअक्का आली. तिच्या पदराखाली काहीतरी होतं. तिनं इकडंतिकडं बघून चार नारळ केशरबाईंच्या पिशवीत सारले.

"हे कशापायी?"

"असू दे. शेजारनीला सांगायचं न्हाई, तर कुनाला?" तुळजाअक्काचे डोळे भरले होते. "शंभराची चीज ईसला विकायची पाळी आली तुझ्यावर, आनि मी रेशनकार्डाचं मनात आनलं."

"अगं, प्रकल्प हाय तो. मग ईस रुपयाला चार किलो घे की तू."

तुळजाअक्का दोन पावलं मागं सरली. "अडचणीतल्या मान्साचा माल सस्तात घेऊ काय मी? कुठं फेडू त्ये?"

केशरबाई घरी आल्या तेव्हा ओटीवर अर्धं पोतं तांदूळ, कोकमाची बरणी, दोन फणसाच्या पापडांच्या चळती आणि एक जिवंत कोंबडी होती. तांदूळ मास्तरांच्या शाळेतल्या जुन्या शिपायानं आणून टाकले होते. "सर, परत द्यायची घाई न्हाई," असं म्हणून तो मास्तरांच्या पाया पडून गेला होता. मास्तर आरामखुर्चीत भिंतीकडं तोंड करून बसले होते. थोड्या वेळानं पल्लवीचा फोन आला. तिला रामनगरच्या मैत्रिणीकडून कळलं होतं, आणि ती रडत विचारत होती, की बाबांची पेन्शन कधी बंद झाली आणि मला सांगायचं नाही का. तोवर तिनं दहा हजार रुपये पाठवलेसुद्धा होते.

"केशर," मास्तर भिंतीला उद्देशून म्हणाले, "चाळीस वर्सांची अब्रू वीस रुपये किलोनं गेली."

"गेली कुठं, खपलीच न्हाई," केशरबाई म्हणाल्या आणि आतल्या खोलीत जाऊन पाचवा ठिपका शून्यावर दिला. पण त्या रात्री जेवल्या नाहीत, हेही सांगायला हवं. तुळजाअक्कानं दिलेले नारळ परत करता येत नव्हते आणि फोडवतही नव्हते. आपण गावाला फसवलं असं त्यांना वाटत होतं, आणि गावानं आपल्यावर इतकी माया करावी म्हणून भरूनही येत होतं.

पाच ठिपके जोडल्यावर जी आकृती झाली ती वरून निघाली होती एवढंच पुस्तकाशी जुळत होतं. पुढं ती धावली, वळली, परत आली आणि शेवटी खाली कोपऱ्यात जाऊन बसली. सगळ्यांनी एकच सल्ला दिला. पल्लवी म्हणाली, आकडे थोडे इकडचेतिकडे कर. विकास अधिकारी म्हणाले, मेडम, एकदा बहीण लिहिलंय, आता रेघेला काय घाबरायचं. केशरबाईंनी आकृती आहे तशी पक्क्या शाईनं गिरवली आणि तोंडी परीक्षेला बेळगावची बस धरली. मास्तर बरोबर आले. खिशात पेन्सिल होती आणि नवं कोरं खोडरबर.

परीक्षक पस्तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. त्यांनी आलेख सरळ धरला, मग आडवा धरला. "हे काय आहे?"

"मागणी-वक्र, सर."

"बाई, तुमची मेहनत दिसते आहे. मुदतीचं शेवटचं वर्ष तेही मला दिसतंय. मला तुम्हाला नापास करायचं नाही." त्यांनी एक कोरा आलेखकागद पुढं केला. "बाहेर बाकावर बसा. नियमाप्रमाणे रेघ काढून आणा. दहा मिनिटं. मी आठ देतो."

बाहेर बाकावर मास्तरांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पेन्सिल पुढं केली. केशरबाईंचा हात खरंच पुढं गेला. आठ वर्षं आणि आठ गुण, मध्ये फक्त एक उतरती रेघ होती. तिचं काय एवढं? या कागदावर ना तुळजाअक्काचे नारळ दिसणार होते, ना मेहुण्यांचं पोतं.

त्या जराशा घुटमळल्या, तसा मास्तरांनी त्यांना धीर द्यायला म्हणून सांगितलं, "काढ गं. त्यात काय? मी सुद्धा बी.ए.ला पुस्तकातनंच उतरवली हुती. सगळ्यांनीच उतरवली हुती. बाजारात कोण गेलंय?"

केशरबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. मास्तरांना आपण काय बोलून बसलो ते उशिरा कळलं आणि त्यांनी चष्मा काढला, पण पुसायला सुचलं नाही. केशरबाईंनी पेन्सिल त्यांच्या खिशात परत ठेवली आणि त्या दोन मिनिटांत आत गेल्या.

"काढली?"

"न्हाई, सर. आमच्या बाजारात ती नव्हती."

परीक्षक खुर्चीत मागं टेकले. "मग एकेक ठिपका समजावून सांगा."

केशरबाईंनी सांगितलं. शंभरवर भीती होती, ऐंशीवर संशय, साठवर यजमान, चाळीसवर नागूचे मेहुणे. मग वीसचा ठिपका. "अडचणीतल्या माणसाचा माल स्वस्तात घ्यायचा न्हाई, अशी आमच्याकडे रीत हाय. ते मला आधी ठाऊक असायला पायजे होतं. पुस्तक वाचताना विसरले."

परीक्षक आता पुढं वाकून ऐकत होते. "पाच आठवड्यांत, सतरा घरांत, नियमाप्रमाणे वागलेला एकही ग्राहक नाही? एक दाखवा, बाई. मला शेऱ्यात लिहायला एक तरी हवा."

केशरबाईंनी खूप विचार केला. मग वही उघडली, पेन काढलं. "सर, मुडली शंभर रुपये किलो असली तर तुम्ही किती घ्याल?"

"मी? शंभर जास्त होतात. पाव किलो."

"साठला?"

"एक किलो."

"चाळीस?"

"दोन घेईन."

"आणि वीसला?"

"वीसला चार-पाच किलो घेऊन ठेवीन." बोलता बोलता परीक्षकांच्या लक्षात आलं आणि ते थांबले. केशरबाईंनी ठिपके जोडून वही त्यांच्यासमोर फिरवली. डावीकडे वरून सुटलेली रेघ उजवीकडे खाली उतरली होती, पान त्रेचाळीसवरच्यासारखी तंतोतंत.

"मिळाला की एक," परीक्षक समाधानानं म्हणाले.

"सर, तुम्ही मुडली कधी बघितली हाय का?"

"नाही. म्हणजे, काय असतं ते?"

केशरबाईंनी गावाची आकृती वहीशेजारी सरकवली. परीक्षकांनी समोरच्या दोन्ही आकृत्यांकडं आळीपाळीनं बघितलं, गावाच्या आणि स्वतःच्या. मग कोरा आलेखकागद ड्रॉवरमध्ये परत ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि गुणांच्या चौकोनात चौदा लिहिले. शेऱ्याच्या जागी बराच वेळ पेन टेकवून बसले आणि शेवटी एवढंच लिहिलं: 'प्रत्यक्ष अभ्यास.'

बाहेर मास्तर उभे होते. केशरबाईंनी चौदा सांगितले. त्यांना ओरडावंसं वाटत होतं, आणि रडावंसंही, पण तिथं बाकावर आणखी सहा विद्यार्थी बसले होते. मास्तरांनी चौदा हा आकडा दोनदा मनाशी म्हटला. "मला नऊ हुते," ते हळूच म्हणाले. तीस वर्षांत ही गोष्ट त्या घरात पहिल्यांदाच उच्चारली गेली.

बसला अर्धा तास होता. केशरबाई स्टँडजवळच्या मिठाईच्या दुकानात शिरल्या. सतरा घरं, नागू, त्याचे मेहुणे आणि अर्धं पोतं तांदूळ देणारा शिपाई, सगळ्यांना खरं काय ते सांगायचं होतं, आणि रिकाम्या हातानं सांगण्यासारखं ते नव्हतं. एक किलो कुंदा घ्यायचं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"भाव वाढलाय, अक्का," दुकानदार म्हणाला. "मागल्या महिन्यापेक्षा साठ रुपयांनी."

मास्तरांनी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"व्हय?" केशरबाई म्हणाल्या. "मग दोन किलो बांधा."